मागच्या चाकातला नायट्रोजन

मापाड्यांचा मेहुणा त्या रविवारी सकाळी आला तो घरात शिरलाच नाही. फाटकाशी मोटरसायकल उभी करून, नव्याने बाप झालेला माणूस पाळण्याकडे बघतो तसा तो तिच्या चाकांकडे बघत राहिला. मापाडी चहाचा कप धरून पायरीवर उभे होते. त्यांनी दोनदा "वर ये" म्हणून हाक मारली. शेवटी कप तसाच घेऊन तेच खाली उतरले. त्या तीन पायऱ्या आपण उतरलो नसतो तर पुढचं काहीच झालं नसतं, असं त्यांना नंतर फार वाटायचं. पण माणसाला नंतर काय, काहीही वाटतं.

"दाजी, टोप्या बघा."

हवा भरायच्या तोटीवर हिरव्या रंगाची इवलीशी टोपी होती.

"बघितली. मग?"

"नायट्रोजन आहे आत! साधी हवा आता भरतंय कोण? साधी हवा तापते, फुगते, निसटते. नायट्रोजन एकदा बसला की बसला. महिनाभर बघायला नको. टायर फुटत नाही, पेट्रोल कमी लागतं, गाडी कशी लोण्यातून सुरी जावी तशी जाते."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

मापाड्यांच्या घरात हे दोन शब्द शिवीत जमा होते. मेहुण्यालाही ते ठाऊक होतं. म्हणूनच तो ते बोलून, गाडीला किक मारून निघून गेला.

मापाडी हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वजनमाप खात्यात तीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर गल्लीने ते त्यांना बहाल केलं, आणि आता पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारायचा. दुकानात गेले की ते आधी वजन उलटं करून त्याच्या पाठीवरचा शिक्का वाचायचे. कुठल्या साली तपासलंय, मुदत संपली का. मग दुकानदाराचा चेहरा वाचायचे. सामानाकडे सगळ्यात शेवटी बघायचे. मुदत संपलेल्या वजनाने तोललेली साखर आमच्या यांना कमी गोड लागते, असं त्यांची बायको सांगायची.

बायकोला सगळे घड्याळबाई म्हणायचे. त्यांचे वडील घड्याळजी होते आणि दुकानात त्यांच्या मांडीशी बसून बसून बाई ते काम शिकल्या होत्या. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल होतं. त्यावर पांढरा कागद, चिमटे, सुईएवढे पेचकस आणि काचेखाली झाकलेली चक्रं असायची. डोळ्याला भिंग लावून बाई कामाला बसल्या की मापाडीसुद्धा त्या खोलीतून चवड्यांवर चालत जायचे. बाईंच्या बोटांना डोळे आहेत, असं लोक म्हणत.

त्या वर्षी एका मोठ्या घड्याळ कंपनीने शहरात दुरुस्ती केंद्र काढायचं ठरवलं आणि कारागीर हवेत म्हणून जाहिरात दिली. बाईंनी कुणाला न विचारता फॉर्म मागवला, भरला, पाठवला आणि मग चहा गाळता गाळता नवऱ्याला सांगितलं. हाताची परीक्षा होती. एक बंद पडलेलं मनगटी घड्याळ, दोन तास, आणि समोर परीक्षक. उभा जन्म खिडकीशी बसून काम केलेल्या बाईंना बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच कुणीतरी खुर्ची आणि हुद्दा देऊ पाहत होतं. मापाड्यांना अभिमान वाटला. तो त्यांनी बोलून दाखवला नाही. अभिमानाला एकक नसतं, आणि एकक नसलेल्या गोष्टीवर बोलायची त्यांना सवय नव्हती.

तर, मेहुणा गेला आणि मापाड्यांनी कप खाली ठेवला.

"मी हे तपासून बघणार," ते म्हणाले. "आपल्या गाडीच्या एका चाकात नायट्रोजन, एका चाकात साधी हवा. नव्वद दिवस. रोज दाब मोजायचा. ज्याचा दाब जास्त उतरेल ते चाक हरलं."

बाईंनी भिंग वर केलं. "अहो, दोन्ही चाकं आपलीच ना? एक हरलं तर दुसरं एकटं कुठे जाणार?"

मापाड्यांनी हा बायकी विनोद समजून सोडून दिला.

शेजारच्या बिऱ्हाडातले इंजिनकाका, म्हणजे रेल्वेचे निवृत्त इंजिनचालक, बातमी लागताच चपला घालून आले. त्यांनी जन्मभर लोखंडी चाकांवर गाडी हाकली होती, त्यामुळे हवेच्या चाकांबद्दल त्यांची मतं अगदी ठाम होती. "मागच्या चाकावर वजन जास्त," ते म्हणाले. "ही कुस्ती बरोबरीची नाही. निम्मे दिवस झाले की अदलाबदल करा." मापाड्यांना ते पटलं. आधी पुढे नायट्रोजन आणि मागे हवा, पंचेचाळीस दिवसांनी उलट. वही आखली गेली. तारीख, वेळ, ऊन-सावली, पुढचं चाक, मागचं चाक, शेरा.

पहिलं विघ्न पहिल्याच दिवशी आलं. नायट्रोजन भरून देणाऱ्या टायरवाल्याने मागच्या चाकाचा दाब बत्तीस पौंड दाखवला. घराजवळच्या पंपावर तेच चाक एकोणतीस निघालं. खात्री करायला मापाडी तिसरीकडे गेले, तिथे चौतीस. तिथला माणूस म्हणाला, "साहेब, आमचा काटा जरा उदार आहे."

उदार काटा! तीस वर्षं ज्यांच्याविरुद्ध लढलो ते सगळे बदमाश एका रांगेत उभे राहून आपल्याला वाकुल्या दाखवतायत, असं मापाड्यांना झालं. सही-शिक्का नसलेल्या काट्यावर लोक जीव टांगून हिंडत होते आणि कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांनी त्याच संध्याकाळी, एक नागरिक या नात्याने, आपल्याच खात्याकडे तक्रार लिहिली.

अर्ज आवक झाला, नोंदला गेला आणि नवव्या दिवशी त्या भागाच्या निरीक्षकाकडे अभिप्रायासाठी आला. त्या भागाचे निरीक्षक मापाडीच होते. दुसरा कुणी असता तर हसला असता आणि जाऊन तीन काटे तपासून मोकळा झाला असता. मापाड्यांनी नियम काढून पाहिला. स्वतःशी संबंध असलेल्या प्रकरणात अधिकाऱ्याने अभिप्राय देऊ नये. त्यांनी तसा शेरा मारून अर्ज वर पाठवला. वरून विचारणा आली, संबंध कोणता, पुरावा जोडावा. मापाड्यांनी तक्रारदार आणि आपण एकच असल्याचा पुरावा म्हणून स्वतःचं ओळखपत्र जोडलं आणि 'खरी प्रत' म्हणून त्यावर स्वतःच सही केली. इथे ते चुकले, असं नंतर खात्याचं म्हणणं पडलं.

साहेबांनी बोलावून घेतलं. साहेब मापाड्यांपेक्षा सतरा वर्षांनी लहान होते आणि पंख्याखाली बसूनही त्यांना घाम यायचा.

"ही तक्रार कुणाची?"

"माझी."

"चौकशी कुणाकडे होती?"

"माझ्याकडे."

"पंधरा दिवसांत निकाल द्यायचा होता. कुणी दिला नाही?"

"मीच, साहेब."

"आणि निकालाला उशीर झाला म्हणून ही दुसरी तक्रार?"

"नियमात तशी तरतूद आहे, साहेब."

साहेबांनी डोळे मिटले. मग त्यांनी लेखी खुलासा मागितला, आणि तो समाधानकारक वाटेपर्यंत मापाड्यांनी बाहेरची तपासणी करू नये, गोदामातल्या बाद वजनांची मोजदाद करावी, असा आदेश काढला.

ज्यांची पावलं वाजली की दुकानदार तराजू पुसायला लागायचे, ते मापाडी आता पत्र्याच्या गोदामात गंजलेली वजनं ओळीने मांडत बसू लागले. शिपाई त्यांच्यासमोर चहा ठेवताना पूर्वी वाकायचा. आता तो कप दारातल्या पेटीवर ठेवून जायचा. कचेरीत कुणी काही बोललं नाही, पण एकदा जिन्यात त्यांच्या पाठीमागे कुणीतरी हलकेच 'फुस्स' केलं. मापाडी वळले नाहीत. त्यांचे कान मात्र घरी पोचेपर्यंत लाल होते.

त्या दिवसापासून प्रयोग हा प्रयोग राहिला नाही. खात्यात गेलेली अब्रू आता दोन चाकांत भरली होती. मापाड्यांनी स्वतःचा दाबमापक घेतला, प्रयोगशाळेतून तपासून त्याचं प्रमाणपत्र आणलं आणि ते भिंतीवर, लग्नाच्या फोटोशेजारी टांगलं. बाईंनी ते बघितलं आणि फोटो थोडा बाजूला सरकवला.

आता दाब दिवसातून अनेकदा मोजला जाऊ लागला. सकाळी, कचेरीतून आल्यावर, जेवणापूर्वी, आणि शंका आली तर पुन्हा. दोन आठवड्यांत एक विलक्षण गोष्ट दिसली. दोन्ही चाकांचा दाब भराभर उतरत होता, आणि जवळजवळ सारखाच. मेहुणा खोटा ठरत होता हे चांगलं, पण दोन्ही चाकं इतकी का उतरतायत ते कळेना. मापाड्यांच्या मनात संशय शिरला. कुणीतरी हवा सोडतंय.

कुणीतरी म्हणजे कोण? फाटकाशी रोज सकाळी बुटांची नाडी बांधायला वाकतं कोण? इंजिनकाका.

"काका, तुम्ही माझ्या गाडीपाशी का वाकता?"

"बूट तिथेच सुटतो."

"रोज?"

काकांना उमज पडायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा जुन्या इंजिनासारखा तापला. "जन्मभर वाफ खेळवली मी या हातांनी. आठशे माणसं मागे बांधून नेली. मी तुमच्या चाकातली हवा चोरू?" नाडी तशीच सुटी ठेवून ते घरात गेले, आणि दोन्ही घरांतलं बोलणं बंद झालं. काकांना दुसरं बोलायला कुणी नव्हतं. त्यांची पत्नी जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यानंतर ते खिडकीत बसून रस्त्याकडे बघत आणि मापाडी दिसले की खिडकी लोटून घेत.

बाईंनी हे सगळं ऐकलं होतं. त्या संध्याकाळी भिंग न काढताच त्यांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा मोजता?"

"तीनदा. फार तर पाचदा."

"मोजताना फुस्स होतं ना?"

"किंचित होतं."

"मग तुमचा चोर तोच. माझ्याकडे येतात अशी माणसं. घड्याळ नीट चालतंय ना, बघायला रोज झाकण उघडतात, आणि मग आत धूळ गेली म्हणून रडत येतात."

मापाड्यांनी पट्टी घेऊन एक नवा रकाना आखला, 'मोजणीमुळे होणारी घट'. काकांची माफी मागायला ते दारापर्यंत गेले आणि परत फिरले. ती उद्या मागू, असं त्यांनी ठरवलं. उद्या गोदामात जास्त वजनं निघाली, आणि मग राहूनच गेलं.

पंचेचाळिसाव्या दिवशी अदलाबदल झाली. टायरवाला हा बोलायला आळशी, पण हाताला तरबेज माणूस होता. त्याने मागच्या चाकातली हवा काढून नायट्रोजन भरला, पुढच्या चाकातला नायट्रोजन काढून हवा भरली, आणि मग उठता उठता म्हणाला, "साहेब, टायर गेलेत. रबर कडक झालंय. या बाजूच्या चिरा बघा. आत काहीही भरा, बाहेरचं धरणार नाही."

विकायला बसलाय, असं मापाड्यांच्या मनात आलं. तीस वर्षं दुकानदार बघितलेला माणूस. "प्रयोग पुरा झाला की बघू," ते म्हणाले.

घरीही तेच निघालं. परीक्षेची तारीख आली होती. बरोबर एकाहत्तरावा दिवस. बाई सकाळ-संध्याकाळ सराव करत होत्या, वेळ लावून तेच घड्याळ खोलत होत्या आणि तेच जुळवत होत्या. दोन तासांचं काम एक तास दहा मिनिटांवर आणलं होतं. जेवताना त्या म्हणाल्या, "तेवढे टायर बदलून घ्या हो. मला त्या दिवशी धाकधूक नको."

"मधेच टायर बदलला तर झालेले सगळे आकडे पाण्यात."

"आणि मी?"

"तू वेळेवर पोचशील. ती माझी जबाबदारी."

बाईंनी ताट उचललं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. आकड्यांशी भांडायचं नाही, एवढं त्या शिकल्या होत्या.

परीक्षेच्या सकाळी त्यांनी निळी साडी नेसली, केस घट्ट बांधले, वडिलांची हत्यारांची लाकडी पेटी रुमालाने पुसली. पायऱ्या उतरताना म्हणाल्या, "मी बसने जाते. थेट जाते ती."

"बस?" खाली वाकलेले मापाडी दाबमापकावरून मान न काढता म्हणाले. "बसचा भरवसा काय? शिवाय दोन माणसांच्या भाराचा आकडा अजून वहीत नाही. जाताना एक, पोचल्यावर एक. बस मागे. बत्तीस. बरोब्बर बत्तीस!"

ते 'बरोब्बर' त्यांनी फार आनंदाने उच्चारलं होतं.

रस्ता मोकळा होता, ऊन कोवळं होतं, मापाडी अगदी सावकाश चालवत होते. मोठ्या चौकानंतरच्या वळणावर मागून आवाज आला. तो फार मोठाही नव्हता. कुणीतरी जाड कापड टरकावल्यासारखा. गाडीचं बूड एकदम सैल झालं, डावीकडे गेलं, उजवीकडे आलं, आणि मापाड्यांच्या हातातलं हँडल दुसऱ्याच कुणाच्या हातात असल्यासारखं वागू लागलं. मग रस्ता वर आला.

मापाड्यांचं कोपर सोललं. त्यापलीकडे त्यांना काही झालं नाही. खिशातल्या दाबमापकाच्या काचेवर चरासुद्धा उठला नव्हता. बाईंनी डाव्या हाताने पेटी छातीशी धरली होती, ती सोडली नाही, आणि सगळं अंग उजव्या हातावर टेकलं.

लोक धावले, कुणी पाणी दिलं, कुणी मापाड्यांना शिव्या दिल्या. एका टॅक्सीवाल्याने दोघांना दवाखान्यात नेलं. तिथे बाकावर बसल्या बसल्या बाईंनी पेटी उघडून एकेक हत्यार बघितलं. एकही वाकलं नव्हतं.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

मापाड्यांनी सांगितलं.

"अजून पाऊण तास आहे. तेवढ्यात बांधून देतील का हो?"

मनगट तेव्हा वांग्याएवढं झालं होतं. उत्तर डॉक्टरांनी दिलं, फोटो उजेडावर धरून. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं आणि सांध्यात शिरलं होतं. शस्त्रक्रिया, पट्टी, तारा, मग प्लास्टर. "काय काम करता?" डॉक्टरांनी विचारलं. बाईंनी सांगितलं. डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "घरातली कामं जमतील," ते म्हणाले. "भाजी चिरता येईल हळूहळू." त्यांना धीरच द्यायचा होता.

संध्याकाळी मेहुणा धावत आला. बहिणीपाशी बसला, रडला, आणि बाहेरच्या बाकावर मापाड्यांजवळ येऊन त्याने हळूच विचारलं, "दाजी, कुठलं चाक?"

"मागचं."

"त्यात काय होतं?"

"नायट्रोजन."

मेहुणा विचारात पडला. मग म्हणाला, "चांगल्या ठिकाणी भरला नसेल."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मापाड्यांनी या वाक्यावर तासभर घेतला असता. जिन्यातून इंजिनकाका वर येताना दिसले, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात झाकण लावलेला डबा. ते मापाड्यांशी बोलले नाहीत. पण शेजारी येऊन बसले, आणि मेहुणा गेल्यावरही बसून राहिले.

चार दिवसांनी मापाडी गाडी आणायला टायरवाल्याकडे गेले. चौकातून ती त्यानेच उचलून आणली होती. त्याने फाटलेला टायर उतरवून भिंतीला टेकवला होता.

"एकाहत्तर दिवस," मापाडी म्हणाले. "रोज मोजला. त्या सकाळी बत्तीस होता. एक पौंड इकडे नाही, एक पौंड तिकडे नाही. मग फुटला कसा? नायट्रोजन वाईट का?"

"नायट्रोजन वाईट नाही, साहेब. चांगलाही नाही. आपण श्वास घेतो त्या हवेत पाच हिश्श्यांपैकी जवळजवळ चार हिस्से तोच असतो. भरला तर थोडा सावकाश उतरतो, इतकंच. आठवड्याला एकदा साधी हवा बघितली तरी तेच." हे त्याचं आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण असावं. मग त्याने ओल्या फडक्याने टायरची बाजू पुसली. "हे वाचलंत का कधी?"

चार आकडे होते. रबरातच उठवलेले, लंबगोल चौकटीत.

"पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. कधी बनला ते लिहिलेलं असतं. शिक्काच असतो तो."

मापाडी वाकले. हवेच्या तोटीपासून तो शिक्का वीतभरही लांब नव्हता. एकाहत्तर दिवस, कधी एकदा, कधी पाचदा, ते त्याच्यासमोर उकिडवे बसले होते. त्यांनी साल वाचलं, आताच्या सालातून वजा केलं, आणि पुन्हा एकदा वजा करून बघितलं. अकरा वर्षं.

"वजनावरचा वाचतो मी," ते एवढंच म्हणाले. कुणाला म्हणाले ते टायरवाल्यालाही कळलं नाही. त्याने त्यांना बसायला लाकडी पेटारा दिला आणि बराच वेळ दुसऱ्या गिऱ्हाइकाला हात लावला नाही.

आता एकच गोष्ट हातात उरली होती. परीक्षा पुन्हा मिळवायची. मापाड्यांनी रजा टाकली, डॉक्टरांचा दाखला, अपघाताचा कागद, हाताचा फोटो, सगळ्याच्या तीन-तीन प्रती घेतल्या आणि घड्याळ कंपनीच्या कचेरीत गेले. खिडकीमागे एक चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांनी कागद सरळ केले, कडा जुळवल्या, आणि मापाड्यांना एकदम आरशात बघितल्यासारखं झालं.

"अर्जदाराने स्वतः यायला हवं."

"तिचा हात प्लास्टरमध्ये आहे."

"मग परीक्षा कशी देणार?"

"आता नाही. बरी झाल्यावर."

"पुढची परीक्षा पुढच्या वर्षी." गृहस्थांनी एक कागद उलटा केला. "वयाची अट बावन्न आहे. त्या पुढच्या वर्षी त्रेपन्न होतील."

"पण हा अपघात आहे. चूक तिची नाही. चूक माझी आहे." मापाड्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी कचेरीत हे वाक्य उच्चारलं, तेही मोठ्याने. रांगेतले लोक बघायला लागले. "तिचा हात सोन्यासारखा आहे हो. दोन तासांचं काम एक तास दहा मिनिटांत करते. मी स्वतः वेळ लावली आहे. मी नियम ओळखतो, तीस वर्षं तेच केलं. पण एखाद्या वेळी, एखाद्या माणसासाठी..."

"नियमात तशी तरतूद नाही," गृहस्थ म्हणाले. ते उद्धटपणे बोलले नव्हते. त्यांनी कागद परत करताना कडा पुन्हा जुळवून दिल्या.

मापाडी पायी घरी आले. गल्लीच्या तोंडाशी ते दोनदा मागे फिरले. हे सांगायचं कसं? त्यांनी तीन वाक्यं तयार केली, तिन्ही खोडली. शेवटी ते इंजिनकाकांच्या दारात उभे राहिले. "काका, त्या दिवसांत हवा मीच सोडत होतो," ते म्हणाले.

"माहीत आहे मला," काका म्हणाले. "आधी घरी जा. ती एकटी आहे."

बाई खिडकीशी बसल्या होत्या. प्लास्टर उशीवर ठेवलेलं. टेबलावर पांढरा कागद पसरला होता.

"नाही म्हणाले ना?" त्यांनीच विचारलं.

मापाडी दारातच थांबले. "तुला कुणी सांगितलं?"

"वयाची अट फॉर्मवरच होती. फॉर्म मी भरला होता."

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून..."

"रस्त्यावर पडले तेव्हाच."

"मग मला जाऊ कशाला दिलंस?"

बाईंनी खांदे हलवले. "तुम्हाला जायचं होतं. घरात बसून नुसते माझ्या हाताकडे बघत होतात. मला ते सहन होईना."

मापाडी कागदांची पिशवी धरून तसेच उभे राहिले. बाईंनी डाव्या हाताने भिंग उचललं, दोन प्रयत्नांत डोळ्याला लावलं.

"इकडे या," त्या म्हणाल्या. "तो बारका चिमटा माझ्या या हातात द्या. असा नाही, टोक खाली. आणि लांब उभे राहा, तुमचा श्वास लागतो."

समोर एक जुनं घड्याळ उघडं पडलं होतं. कडेला राईच्या अर्ध्या दाण्याएवढा एक स्क्रू होता. डावा हात पुढे गेला, थांबला. चिमट्याने स्क्रू पकडला, उचलला, भोकाच्या जवळ नेला. तिथे तो सुटला, टेबलावर एकदा टिचला आणि खाली गेला.

"मी बघतो," म्हणत मापाडी लगबगीने टेबलाखाली शिरले. गुडघ्यांवर, हातांवर, लादीला नाक लावून.

"सापडला?"

"बघतोय."

"राहू द्या. डब्यात दुसरा असेल."

"नाही, नाही. बघतोय."

स्क्रू पहिल्याच फेरीत सापडला होता. बाईंच्या पायाशीच पडला होता आणि आता मापाड्यांच्या मुठीत होता. वरून चिमट्याचा बारीक आवाज येत होता. बाई डब्यातला दुसरा स्क्रू घेऊन पुन्हा करून बघत होत्या. तो पडला. मग तिसरा पडला. एकेक स्क्रू लादीवर येत गेला आणि मापाडी तो उचलत गेले. पण डोळे पुसून तोंड दाखवण्यासारखं होईपर्यंत ते काही टेबलाखालून बाहेर आले नाहीत.